करवतमाशीचा जळफळाट

मला करवतमाशी म्हणतात, पण मी माशी नाही. माशीला दोनच पंख, मला चार. माझं गणगोत मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्यांचं. मधमाशीचं कौतुक मधासाठी, मुंगीचं कष्टासाठी, गांधीलमाशीचा निदान धाक तरी. त्या तिघींची कंबर दोऱ्यानं आवळल्यासारखी बारीक. आमचं अंग वरून खालपर्यंत एकसारखं. त्यात आमच्या कुळाचं नाव ‘सामान्य करवतमाश्या’! कुणाचा जळफळाट होणार नाही?

माझा जन्म गच्चीतल्या कुंडीत, मुळ्याच्या पानात झाला. त्याच पानावर एक पोपटी अळी होती. मीही तेव्हा अळीच, पण काळपट. घरातली सून कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायची. तिने आम्हा दोघींना माती घातलेल्या काचेच्या बरणीत ठेवलं आणि बरणी सासऱ्यांच्या पलंगाशेजारी आणली. सासरे सुतार. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडल्यापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असत.

“बाबा, बघा तरी. पोटाखालचे पाय मोजा. कमी आहेत ती फुलपाखराची अळी, जास्त आहेत ती करवतमाशीची.”

बाबा वळले. पण बघत राहिले ते त्या पोपटी अळीकडे! “आमची राणी जेवली का?” म्हणायचे. मी अंगाचं वेटोळं करून मेल्याचं सोंग केलं, तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही. पाय माझे जास्त आणि लाड तिचे!

पुढे तिने काचेवर, सगळ्यांना दिसेल असा कोष केला. मी आमच्या रीतीने मातीत शिरले. बाहेर आले तेव्हा फुलपाखरू उडून गेलं होतं आणि बाबा पुन्हा भिंतीकडे वळले होते. नारिंगी अंग, काळं डोकं, अशी नटून मी समोर उभी, आणि शोक तिचा!

सुनेने बरणीत मुळ्याचं पान टाकलं.

“बाबा, हे भिंग घ्या. हिच्या कुळात हजारो जाती आहेत. कुणी गुलाबावर, कुणी नेच्यावर, कुणी गवतावर. ही मुळा-मोहरीवाली. आता हिचं अवजार बघा.”

मी पोटाच्या टोकाची करवत काढली, पानाची कड चिरली आणि आत अंडं सरकवलं.

“अगं, हिला दाते आहेत!” बाबा पुटपुटले. “अशी करवत मला जन्मात मिळाली नाही.” मग त्यांचा आवाज कडवट झाला. “एवढीशी ही, आणि हिचं काम चालू. मी मात्र इथे ओंडक्यासारखा पडलोय.”

हा सूर माझ्या चांगल्या ओळखीचा होता. कुणीतरी चक्क माझ्यावर जळत होतं!

त्यांनी रागाने बरणी ओढली. ती डाव्या हातातून निसटली, तशी उजवी बोटं थरथरत वर आली आणि काचेला चिकटली.

“बाबा, हात!” सून ओरडली.

“हात काय बघतेस? मला गच्चीत ने.”

तिने त्यांना चाकांच्या खुर्चीतून कुंडीपाशी नेलं आणि बरणीचं झाकण काढलं. मी मुळ्यावर बसून कामाला लागले.

“हिची पोरं सगळा मुळा फस्त करतील हं.”

“करू देत. मला रोज इथे बसव.”

आता माझे थोडेच दिवस उरलेत. फुलपाखरांचा हेवा अजून वाटतो, खोटं कशाला बोलू? पण एक विनवणी आहे. पानांना भोकं दिसली की लगेच फवारा उचलू नका. आधी जरा वाकून बघा. आम्हालाही कुणी बघितलेलं आवडतं.