दीड किलो पुढचा काटा

द्वारका चौकात माझं काटे दुरुस्तीचं दुकान आहे. भाजीवाले, भंगारवाले, सोनार, सगळ्यांचे काटे माझ्या हाताखालून जातात, आणि सरकारी शिक्का बसल्याशिवाय मी एकही दुकानाबाहेर सोडत नाही. तीस वर्षांत मी एकच काटा खोटा केला. तोही कुणा व्यापाऱ्यासाठी नाही, आमच्या तालमीसाठी.

मी पहिलवान होतो म्हटलं की लोक मला खालून वर बघतात, आणि त्याला फार वेळ लागत नाही, कारण मी पाच फूट दोन इंच आहे. बावन्न किलो गटात राज्याचं सुवर्णपदक आहे माझ्या नावावर. त्या वर्षी पेपरात मोठ्या गटाच्या पहिलवानाचा, खांद्यावर गदा घेतलेला, अर्धा पान फोटो आला. माझं नाव खाली ‘इतर निकाल’मध्ये होतं आणि तेही शामराव असं छापलेलं. मी शामसुंदर. पेपरवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, कळलं की लोकांना.

काय कळलं? लोकांना लहान गटाचं काहीही कळत नाही. ते येतात शंभर-शंभर किलोचे दोन गडी एकमेकांवर आदळताना बघायला. जत्रेच्या मैदानात आमच्या कुस्त्या भर दुपारी उरकून टाकतात, तेव्हा बघायला फक्त मंडपवाले आणि कुल्फीवाला असतो. पोस्टरवर मोठ्यांचे चेहरे ताटाएवढे, आणि आमची नावं वाचायला चष्मा लागतो. डाव बघायचा असेल तर लहान्याची कुस्ती बघावी, हे माझं मत. पण माझं मत विचारतो कोण! आम्हाला पहिलं म्हणणारी जगात एकच जागा आहे, ती म्हणजे वजनगटाची यादी. तिथे कुणी कितीही धिप्पाड असला तरी आमच्या रकान्यात शिरू शकत नाही.

आणि त्या रकान्यातून मी दोनशे ग्रॅमनं बाहेर पडलो. सुवर्णपदकाच्या पुढच्याच वर्षी स्पर्धेच्या काट्यावर बावन्न किलो दोनशे भरलो आणि एकही कुस्ती न खेळता बाद झालो. परतीच्या एसटीत मी लहान पोरासारखा रडलो होतो. शेजारी आमचे सावळीराम वस्ताद होते. इगतपुरीला त्यांनी मला चहा पाजला. मग म्हणाले, “शाम्या, आपल्या तालमीचं पोरगं असं परत कधी बाद होता कामा नये.”

त्यातून तो काटा झाला. सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्यानं तालमीला जुना लोखंडी काटा दिला होता, वर उभं राहायचं आणि दांडीवरचं वजन सरकवायचं. त्या सरकत्या वजनाच्या पोटातलं थोडं शिसं मी काढून टाकलं. रिकामा काटा शून्यच दाखवायचा, पण साठ किलोचा माणूस चढला की दीड किलो जास्त दाखवायचा. पोरं घाबरून आणखी वजन उतरवायची आणि स्पर्धेच्या काट्यावर अलगद बसायची. बाहेरचे काटे सैल असतात, कमी दाखवतात, अशी त्यांची समजूत होती. बाहेर कुठे वजन करायचं नाही, नजर लागते, असा वस्तादांचा दंडक होता. खरं फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. तयारीच्या शेवटच्या दिवशी वस्ताद स्वतः काट्याजवळ खुर्ची टाकून बसायचे. अठ्ठावन्न दिसले की सत्तावन्नवाल्या पोराला म्हणायचे, “पुरे. आता रात्रीत आपोआप उतरतंय.” वस्तादांनी पुरे म्हटलं की पुरे. अशी वीस-बावीस वर्षं गेली, आणि एकही पोरगं काट्यावर बाद झालं नाही. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

धनराज आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आला. हरसूलच्या पुढच्या एका पाड्यावरचा. आईबाप नागली-भात पिकवायचे आणि दिवाळीनंतर द्राक्षबागांत मजुरीला जायचे. बावीस वर्षांचा, अंगानं सुतळीसारखा, पण एकदा पट काढला की भलेभले उताणे. गावोगावच्या जत्रा त्यानं मारल्या होत्या. जत्रेत काटा नसतो. पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करतात, मनगटं चाचपतात आणि जोड लावून मोकळे होतात. त्यामुळे या एप्रिलातली जिल्हा निवड चाचणी ही त्याच्या आयुष्यातली पहिली वजनाची स्पर्धा होती. निवड झाली की राज्य स्पर्धा, राज्यात पदक मिळालं की पोलीस भरतीत खेळाडूची जागा. त्याचं डोकं एवढ्या एकाच रस्त्यावरून चालायचं.

त्याचं अंगचं वजन बासष्ट. सरळ एकसष्ट किलो गटात खेळला असता तर प्रश्नच नव्हता. पण एकसष्टमध्ये आमचाच राजू होता, धनराजहून दोन वर्षं जुना, आणि एका तालमीची दोन पोरं एका गटात भिडवायची नाहीत ही आमच्याकडची रीत. मोठ्या गटात असं झालं तर वस्ताद बसून तोडगा काढतात. लहान्यांना काय, खाली सरकवायचं. वस्ताद म्हणाले, “धनराज सत्तावन्न खेळेल.” धनराज हो म्हणाला.

वजनं दुपारी चारला होती आणि कुस्त्या दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी सकाळीच वस्तादांचा फोन आला. शौनक, आमचा सत्त्याण्णव किलोचा, त्याचा कुठल्याशा मंडळानं सत्कार ठेवला होता. वस्तादांना जाणं भाग होतं आणि बाकीची पोरंही गाडीत बसून त्याच्या मागे गेली होती; तिथून सगळे परस्पर वजनाला जाणार होते. “शाम्या, धनराजकडे तू बघ,” ते म्हणाले. “लहान्यांचं तुला जास्त कळतं.”

मी दुकान बंद करून अकराला पोचलो. तालमीत धनराज एकटाच होता. गाल आत गेलेले, ओठ फुटलेले. आदल्या दिवसापासून पाण्याचा घोट नव्हता. काट्यावर चढला. अठ्ठावन्न किलो दोनशे.

मी मनात हिशेब केला. सत्तावन्नच्या आसपास काटा एक किलो चारशे जास्त दाखवायचा, म्हणजे खरं वजन छप्पन किलो आठशे. तो गटात बसला होता.

बाहेर येऊन वस्तादांना फोन लावला. मागे ढोल वाजत होते. “किती दाखवतोय?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं. “मग बास की. सावलीत बसव त्याला,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

इथे मी थांबायला हवं होतं. वस्तादांनी पुरे म्हटलं होतं. पण दोनशे ग्रॅमच तर हातात होते, फक्त दोनशे, आणि दोनशे ग्रॅम म्हणजे काय हे जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? स्पर्धेचा काटा चुकीचा असला तर? कुणी हलवून ठेवलेला असला तर? माझ्या धंद्यात मी सरळ काटे किती थोडे बघितलेत! मनात म्हटलं, अर्धा किलो अजून काढून ठेवू. पोरगं तरणं आहे, आपण याहून जास्त केलंय.

“घाल सूट,” मी म्हणालो.

त्यानं अंगावर रबरी सूट चढवला, वर स्वेटर, वर घोंगडी. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो गोल गोल धावायला लागला. बाराचं ऊन पत्र्यावर तापत होतं. मी दारात खुर्ची टाकून मिनिटं मोजत होतो. वीस मिनिटं धाव, दहा मिनिटं घोंगडीत बस, परत धाव. एक वाजता काट्यावर अठ्ठावन्न. दोनला सत्तावन्न सहाशे. माझा अर्धा किलो निघाला होता, वर शंभर ग्रॅम.

“पुरे आता,” मी म्हणालो.

तो हसला. ओठाला रक्त आलं. “काका, सहाशे ग्रॅम हायेत ना अजून.”

“आपोआप उतरेल.”

“दोन तासात सहाशे आपोआप? नाय काका. तुमचं सांगितलंय मला राजूनं. दोनशे ग्रॅमचं.” तो परत घोंगडी ओढायला लागला. “मी नाय तसा बाद व्हनार.”

एक वाक्य बोलायचं होतं. धनराज, हा काटा खोटा आहे, तू कधीच बसलास. एवढंच. पण ते वाक्य वस्तादांचं होतं, माझ्या एकट्याचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर अडचण वस्तादांची नव्हतीच. ज्याच्या दुकानावर ‘अचूक वजनाची खात्री’ असं रंगवलंय, त्यानं एका पोरासमोर आपल्या तोंडानं कबूल करायचं की मी काटा खोटा केला, याची मला लाज वाटली. म्हटलं, अजून एक फेरी धावेल, दमेल आणि आपणच बसेल.

तो बसला नाही. पाऊण तास धावला. मध्ये एकदा त्याला घाम यायचा थांबला. ते माझ्या लक्षात आलं आणि त्याचा अर्थही मला कळत होता. मी उठलो, त्याचा दंड धरला. कातडी तव्यासारखी कोरडी आणि तापलेली होती. “बस कर!” मी ओरडलो. त्यानं माझा हात झटकला आणि अडखळत जाऊन काट्यावर उभा राहिला. मी दांडीवरचं वजन सरकवलं. सत्तावन्न किलो तीनशे. त्यानं तो आकडा बघितला, तोंड उघडलं, आणि तसाच बाजूला पडला.

रिक्षात त्याच्या डोक्यावर मी पाणी ओतत होतो आणि तो आईला हाका मारत होता. दवाखान्यात त्याला बर्फात ठेवलं. संध्याकाळी लघवी झाली ती कोऱ्या चहासारखी काळी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चिडल्या होत्या. म्हणाल्या, “स्नायू जळून रक्तात उतरलेत. दोन्ही किडन्या बंद पडल्यात. वजनासाठी केलंत ना हे? किती जास्त होता?” मी मान खाली घातली. त्यांनी ते उत्तर आहे असं समजून लिहून घेतलं.

वस्ताद दुसऱ्या दिवशी कुस्त्या संपल्यावर आले. शौनक जिंकला होता, राजूही. सत्तावन्न किलोत दुसऱ्याच कुणा तालमीचं पोरगं निवडलं गेलं होतं. वस्ताद कॉटजवळ उभे राहिले, मग मला बाहेर नेऊन म्हणाले, “मी बास म्हणलो होतो, शाम्या.” मी म्हणालो, “हो.” ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त म्हातारे दिसले. “उन्हानं झालं असं म्हणायचं,” ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

त्याला आज बावीस दिवस झाले. धनराजला एक दिवसाआड मशीनला जोडतात. किडन्या परत सुरू होतील असं आता डॉक्टरीणबाईंना वाटत नाही. कुस्तीचं नाव कुणी काढत नाही.

काल दुपारी वऱ्हांड्यात त्याची आई, भागीबाई, माझ्या शेजारी बाकावर बसली होती. मी रोज डबा नेतो. सुरुवातीला ती माझ्याशी संकोचून बोलायची, आता भाऊ म्हणते. बसल्या बसल्या ती एकदम रडायला लागली. आवाज न करता, पदर तोंडात धरून.

“म्याच केलं भाऊ,” ती म्हणाली. “होळीला आला व्हता. नागलीचे लाडू केले व्हते. नको म्हणत व्हता, आई वजन वाढंल. म्या बळंच चारले. चार दिस चारले. मी चारले नसते तं एवढं पळावं लागलं असतं का?”

मला तिथून उठून जाता आलं असतं. या बाईनं ते लाडू जन्मभर उरावर घेतले असते आणि माझं नाव कुठेच आलं नसतं. पण माझ्याच्यानं ते बघवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. शिसं, दीड किलो, वस्तादांचा फोन, अर्धा किलो, सगळं. “लाडवांचा काही संबंध नाही ताई,” मी म्हणालो. “तो सकाळीच बसला होता. त्याला धावायची गरजच नव्हती. मला माहीत होतं.”

तिनं पदर कमरेला खोचला. मला वाटलं, मारेल. मारावं असं मला मनापासून वाटत होतं.

“ह्ये त्याला म्हाईत हाय?” तिनं विचारलं.

“नाही. सांगणार आहे. आजच.”

“नाय सांगायचं.” तिनं डोळे पुसले. आवाज आता अगदी कोरडा होता. “तो रोज मला इचारतो, आई, किती राह्यलं व्हतं. कायतरी राह्यलं व्हतं, म्हणून पळालो, आसं त्याला वाटतं. त्याच्यावर तो दिस काढतो. फुकट पळालो आसं कळलं तं काय करंल तो? सांगा ना.”

मी डबा हातात घेतला.

“तुमाला बोलून मोकळं व्हायचं हाय,” ती म्हणाली. “माज्यापाशी झाले ना मोकळे? बास झालं. जा आता आत. डबा निवतोय त्याचा.”

मी आत गेलो. मशीन चालू होतं. धनराजचा चेहरा सुजला होता, अंगात पाणी साठतं त्यानं. बासष्ट किलोचा पोरगा सत्तर किलोचा दिसत होता. मला बघून तो जरा सरळ झाला.

“काका, एक इचारायचं व्हतं. शेवटच्याला काट्यावर किती दिसलं? मला आकडा दिसला व्हता, पन आठवत नाय.”

मागे दारात भागीबाई येऊन उभी होती.

“सत्तावन्न तीनशे,” मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले आणि मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

“म्हंजे तीनशेच ग्रॅम,” तो म्हणाला. “अजून धा मिनटं तग धरला असता, तं बसलो असतो ना, काका?”

“हो,” मी म्हणालो. “बसला असतास.”