तीन हात रंग आणि एक हुक

लष्कराच्या लिलावातला तो जुना ट्रक लेकीनं घेतला, तेव्हा बाबांना आकाश ठेंगणं झालं. लेक दातांची डॉक्टर. ट्रेलरवर दवाखाना थाटून गावोगाव फिरायचं तिच्या मनानं घेतलं होतं. ट्रकच्या मागे तोफा ओढायचा हुक होता, पण तो या ट्रेलरला काही केल्या बसेना. नवा हुक लावायला ती वर्कशॉपकडे निघाली आणि बाबा आडवे आले.

"चाळीस वर्षं फिटर होतो मी. माझ्या हातचा बोल्ट सैल होत नाही."

"तुम्ही ट्रकखाली शिरलात तर बाहेर काढायला क्रेन लागेल," आई खिडकीतून म्हणाली.

लेकीनं हसून किल्ली बाबांच्या हातात ठेवली. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी असं कामाला लावलं नव्हतं.

मग आठ दिवस बाबा जेवायलाही हाका मारल्याशिवाय येईनात. चाकांना ठोकळे लावले, बॅटरीची वायर काढली. बंपर नुसता दिसायला दांडगा, ओढ सोसायची ती चॅसीच्या मागच्या आडव्या बीमनं, म्हणून बीम इंच इंच तपासला, कुठे तडा नाही याची खात्री केली. भोकं गॅसनं न कापता ड्रिलनंच पाडली. शेवटी पोरीच्या गाडीचं बोटभर लोखंडही उघडं राहू नये म्हणून बीमला तीन हात हिरवा रंग दिला आणि त्यावर हुकाची जाड प्लेट सहा बोल्टांनी आवळली. प्रत्येक नटावरून प्लेटवर पांढरी रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटते.

शनिवारी ट्रेलरवर वाळूची पोती लादून लेक वीस किलोमीटर फिरवून आली. ती हात धुवायला आत गेली आणि बाबा टॉर्च घेऊन वाकले. दोन रेघा तुटल्या होत्या.

कारण त्यांना लगेच कळलं. प्लेटखालचा रंग दबला होता. लोखंड लोखंडाला भिडलं पाहिजे, मध्ये रंग नको, हे त्यांनी आयुष्यभर हाताखालच्या पोरांना ओरडून शिकवलं होतं. आणि लाडापायी स्वतःच माती खाल्ली होती.

पाना शेजारीच पडला होता. दोन नट आवळायचे, रेघा नव्या ओढायच्या. कुणाला पत्ता लागला नसता. उद्या लेक घाट उतरणार होती. तिच्या रागाची त्यांना भीती नव्हती. "राहू दे बाबा, वर्कशॉपमध्ये नेते," असं ती गोड आवाजात म्हणाली असती, तर मात्र त्यांना सोसलं नसतं.

"चिमे, इकडे ये," त्यांनी हाक मारली. "मी चुकलो. रंगावरच प्लेट बसवली. बोल्ट सैल झालेत."

चिमी गुडघ्यावर बसली. तिनं रेघा नीट पाहिल्या. "म्हणजे कीड न काढताच चांदी भरलीत?"

"हो."

"मग कोरा आता."

दोघांनी मिळून प्लेट उतरवली, खालचा रंग चकाकेपर्यंत खरवडला. नवे नटबोल्ट घालून समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, तेही आता आवळ मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं. हाताच्या अंदाजाचं नावही बाबांनी काढलं नाही. सेफ्टी चेन तपासल्या. दुसऱ्या फेरीनंतर सहाही रेघा जागच्या जागी होत्या. बाबांनी तरी दोनदा मोजल्या.

"उद्या तुम्ही बरोबर चला," लेक म्हणाली. "शंभर किलोमीटरवर बोल्ट परत बघावे लागतील."

"ते तुलाही येतं की. आणि माझ्यावर विसंबणार आहेस अजून?"

"दुसऱ्या कुणी मला हाक मारली नसती, बाबा. पाना फिरवून मोकळा झाला असता."

बाबांनी पाना पुसून बाजूला ठेवला.

"मी पुढच्या सीटवर बसणार," ते म्हणाले. "आणि घाटात गाडी हळू चालवायची."