एकेचाळीस सह्यांची वही

मित्रांनो, मी एक जुनी सूचनावही आहे. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयाच्या कपाटात, अगदी खालच्या फळीवर, पंख्याच्या तुटक्या पात्यांखाली मी पडून आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी मला पाहिलंच नसेल, कारण मी विद्यार्थ्यांची नव्हे, विभागप्रमुखांची वही. विद्यापीठाचं परिपत्रक आलं, परीक्षेचं वेळापत्रक बदललं, अंतर्गत गुण भरायची तारीख ठरली, की प्राचार्यांची सूचना माझ्यात लिहिली जायची आणि शिपाई मला घेऊन विभागाविभागांत फिरायचा. सूचनेखाली तेवीस विभागांची नावं आणि प्रत्येकासमोर सहीची जागा. सही झाली म्हणजे त्या माणसाला ती गोष्ट कळली, असा नियम. या नियमावर माझं सगळं आयुष्य उभं होतं आणि त्यानंच माझी माती केली.

पापाची तिकटी नावाच्या चौकाजवळ आकाराम नावाच्या बाइंडरनं मला बांधलं. पाचशे पानं, काळा पुठ्ठा, पाठीला लाल कापड. शिवण घालताना तो दोरा पुन्हा पुन्हा ओढून पाहायचा. “कालिजात जायाची हाय, धा-बारा वर्सं टिकाय पायजे,” असं तो बायकोला म्हणाला होता. टिकले की मी! चांगली बारा वर्षं टिकले. नको तेवढी टिकले.

आमच्या शिपायाचं नाव पिराजी. सगळे त्यांना मामा म्हणत. मला काखेत धरून ते तीन मजले चढायचे. सुरुवातीला मला फार अभिमान वाटे. पण लवकरच कळलं, की मला कुणी वाचतच नाही. आपल्या वरच्या नावासमोर सही आहे ना, एवढं बघायचं आणि आपली ठोकून द्यायची, ही तिथली रीत. गणिताचे प्रमुख चहाचा कप माझ्यावरच ठेवायचे. एकदा एका सभेची सूचना फिरली. सह्या तेवीस झाल्या आणि सभेला माणसं आली चार. “वहीला समदं ठावं हाय, सायबांस्नी कायबी न्हाय,” असं पिराजीमामा त्या दिवशी जिना उतरताना पुटपुटले.

वाचणाऱ्या फक्त एकच होत्या. कन्नड विभागाच्या संयोगिता मॅडम. त्यांच्या विभागात त्या एकट्याच, म्हणून प्रमुखही त्याच. त्यांच्याकडे शिकायला येत त्या बहुतेक कागलकडच्या आणि सीमेलगतच्या मुली. घरी आईशी कन्नड बोलणाऱ्या, पण त्या भाषेत दोन ओळी लिहिता न येणाऱ्या. मॅडम मला टेबलावर नीट ठेवत, चष्मा लावत आणि सूचना शेवटच्या शब्दापर्यंत वाचत. मग सही करून तिच्यापुढं बारीक अक्षरात लिहीत, ‘वाचले’. मामा दारात ताटकळायचे. “म्याडम, निस्ती सही करा की. वरपातूर जायाचं हाय मला,” असं म्हणायचे. “मामा, न वाचता सही कशी करू?” मॅडम हसून म्हणायच्या. त्यांच्या टेबलावर जायची मी वाट बघायचे, हे आज कबूल करते.

मग फोनवरचा गट आला. सूचना तिथंच पडू लागल्या आणि मी कपाटावर धूळ खात बसले. सहा-सात महिने मला कुणी विचारलं नाही. त्यातच ऑक्टोबरमध्ये गटावर एक सूचना आली. ज्या विषयाच्या पहिल्या वर्षाला वीसपेक्षा कमी विद्यार्थी असतील, त्या विभागप्रमुखांनी विषय चालू ठेवण्याचा प्रस्ताव महिनाअखेरपर्यंत द्यावा, नाहीतर पुढच्या वर्षापासून विषय बंद. त्याच दिवशी इतिहासाच्या विश्वजित सरांचा वाढदिवस होता. सूचनेखाली शुभेच्छांचा पाऊस पडला. तासाच्या वेळी फोन खणात ठेवणाऱ्या संयोगिता मॅडमनी संध्याकाळी तो उघडला, तेव्हा सूचना नव्वद गुच्छांच्या आणि केकच्या चित्रांत बुडाली होती. त्यांनीही शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवून दिला. कन्नडच्या पहिल्या वर्षाला तेव्हा तेरा मुली होत्या.

जानेवारीत महाविद्यालयाच्या तपासणीला समिती यायची होती. समितीला वही दाखवावी लागते, हे कुणाला तरी ती यायच्या दिवशीच सकाळी आठवलं. मला खाली काढून पुसलं. फोनवरच्या एकेचाळीस सूचना छापून मामांनी माझ्यात डकवल्या आणि मागच्या तारखांच्या सह्या गोळा करायला ते धावत सुटले. मॅडम तेव्हा स्टुलावर उभं राहून मुलींनी केलेले तक्ते भिंतीला लावत होत्या.

“मामा, एवढ्या एकदम? मला वाचू तरी द्या.”

“समद्यांनी केल्यात म्याडम, तुमचीच ऱ्हायलीया. समितीची गाडी कागलला आली म्हनं! सायेब जिन्यात हुबं हाईत.”

मॅडम खाली उतरल्या. चष्मा टेबलावरच राहिला. एका हातात खिळ्यांची डबी धरून त्यांनी एकेचाळीस सह्या केल्या, मामांनी सांगितल्या त्या तारखा घातल्या. ‘वाचले’ मात्र एकाही सहीपुढं लिहिलं नाही. खोटं लिहिणं त्यांना जमलं नसावं. ऑक्टोबरची ती सूचना सत्ताविसावी होती. त्यांचा हात तिच्यावरून गेला तेव्हा मला ओरडावंसं वाटलं. अर्थात तेव्हाही ओरडून उपयोग नव्हता, मुदत सरून अडीच महिने झाले होते.

एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाच्या विषयांची यादी लागली. तीत कन्नड नव्हतं. मॅडम प्राचार्य अमरसिंह सरांकडे गेल्या. “सर, प्रस्ताव मागवल्याचं मला कळलंच नाही. मुदत वाढवून मागूया विद्यापीठाकडं. तेरा मुली आहेत.” सरांनी घंटी वाजवून मला मागवलं आणि सत्ताविसाव्या सूचनेचं पान मॅडमपुढं धरलं.

“सही तुमचीच ना ही, मॅडम? तारीखबी तुमच्या हातची हाय.”

“सही माझीच आहे. पण मागची पानं बघा सर. बारा वर्षं मी सहीपुढं ‘वाचले’ लिहिलंय. इथं आहे का?”

“मला सही दिसती. विद्यापीठालाबी सहीच दिसणार.”

“सायेब, त्या सह्या जानेवारीत मीच...” दारात उभे असलेले मामा म्हणाले.

“पिराजी!” सरांचा आवाज चढला. “समितीनं हीच वही बघून आपल्याला पास केलंय. आता ती खोटी म्हणून सांगायचं व्हय? समद्यांच्या गळ्याला लागंल.”

मामा दाराआड सरकले. मागची पानं कुणी उघडली नाहीत. मित्रांनो, मला त्या दिवशी माझी लाज वाटली. जिनं मला एकटीनं वाचलं, तिच्याविरुद्धच मी साक्ष दिली.

त्यानंतर प्राचार्य सावध झाले. जूनमधली एक सूचना त्यांनी फोनवर न टाकता मुद्दाम माझ्यात लिहवून घेतली. कन्नड विभागाची खोली उत्तरपत्रिका ठेवण्यासाठी परीक्षा विभागाला देण्यात येत आहे, अशी. मामा मला घेऊन निघाले. अर्ध्या तासात बावीस सह्या झाल्या. विश्वजित सरांनी जिन्यातच कठड्यावर मला टेकवून सही केली आणि चार पायऱ्या उतरल्यावर वळून विचारलं, “मामा, कन्नडची कपाटं का बाहेर काढल्यात ओ?” मामा मला काखेत मारून वरचा जिना चढू लागले.

शेवटी आम्ही संयोगिता मॅडमकडे गेलो. खोलीत एक टेबल उरलं होतं. भिंतीवर तक्त्यांच्या खिळ्यांची भोकं दिसत होती. मामा म्हणाले, “सावकाश वाचा म्याडम. मला कुटंबी जायाचं न्हाय.” मॅडमनी चष्मा लावला. दोन ओळींची सूचना वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी सही केली.

पुढं एकही सूचना माझ्यात आली नाही. कधीतरी रद्दीवाला येईल आणि मला घेऊन जाईल. तुमच्यापुढं कुणी कागद धरून “निस्ती सही करा” म्हणालं, तर त्याला दारात उभं करा आणि आधी वाचा, एवढंच माझं मागणं आहे. ते तुम्ही ऐकाल अशी मला फारशी आशा नाही. माझ्या शेवटच्या पानावर तेवीस सह्या आहेत आणि ‘वाचले’ एकदाच लिहिलेलं आहे.