गावाचा गंज

माझा मोठा भाऊ धोंडबा म्हणजे गरीब गाय. वाटेत कोणी आडवं आलं तर हाच बाजूला सरकणार. पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की मग तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याच्या एकुलत्या एक पोरीचं, प्रेमिलाचं लग्न ठरलं, तेव्हा त्याच्या डोक्यात गावाचा गंज बसला.

आमचं गाव बोरडोह. खाप्याच्या पुढे कन्हानच्या काठानं कच्चा रस्ता जातो, त्या रस्त्यावरचं. मी लग्न होऊन नागपूरला आले. नवरा गिरणीत, आणि मी जरीपटक्याच्या बाजारात भाजी विकायची. धोंडबाच्या वाटणीची जीभही मलाच मिळाली, असं आई म्हणायची. बाजारात ती कामाला आली.

गंज म्हणजे लग्नकार्यातलं स्वयंपाकाचं मोठं पितळी भांडं. बोरडोहात असे दोन गंज, एक कढई आणि काही पराती साऱ्या गावाच्या मालकीच्या होत्या. मारुतीच्या देवळाशेजारच्या खोलीत ही भांडी कुलपात असत, आणि किल्ली भैय्याजींकडे. भैय्याजी गावातले मोठे शेतकरी. सरपंच नव्हते, पण सरपंच त्यांना विचारून शिंकायचा. ज्याच्या घरी लग्न त्यानं भांडी न्यायची आणि काम झालं की घासूनपुसून परत करायची. मात्र रिती नाही. लग्नातलं गोडधोड गंजाच्या तळाशी ठेवून आणायचं आणि देवळासमोर जे बसलेले असतील त्यांनी तिथंच ते खायचं. रितं भांडं परत करणं म्हणजे लग्नघरानं गावाशी बोलणं टाकल्यासारखं.

ही भांडी आली कशी, ते आमचा बाप कवडू रंगवून सांगायचा. एका दुष्काळात गावाचा तलाव कोरडा पडला, तेव्हा साऱ्या गावानं मिळून गाळ उपसला. आमची वस्तीही त्यात होती. खरं तर सगळ्यात खोल खड्ड्यात आमचीच माणसं होती. पुढे तलाव भरला, मासोळी झाली, तिचा लिलाव झाला आणि त्यातून भंडाऱ्याहून भांडी आली. हे सांगताना बापाची छाती फुगायची आणि माझं डोकं तापायचं. कारण त्या गंजात आमच्या वस्तीतल्या एकाही लग्नाचा भात शिजला नव्हता. मागायची सोयच नव्हती. नंतर नागपूरला दीक्षा झाली, आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं आणि गावानं आमच्याशी बोलणं कमी केलं. मग मागायची इच्छाही राहिली नाही.

राहिली ती एकट्या धोंडबाला.

"दादा, जरीपटक्यात भाड्यानं भांडे भेटते," मी त्याला म्हटलं. "चकाचक. मी आनीन ना. कायले त्या लोकाईच्या दारात जाऊन राहिला?"

"लोकाईच्या दारात नाही वं, आपल्या भांड्यासाठी जाऊन राहिलो. बाबानं गाळ उपसला नाही काय?"

"आन् नाही म्हनलं तं?"

"तं वापस येईन. पन मागीन."

तो गेला, आणि मी ओट्यावर बसून भैय्याजींना द्यायच्या शिव्या मनातल्या मनात लावून ठेवल्या. धोंडबा लवकरच परत आला. भांडी मिळाली होती. पण चेहरा असा, की घरात कोणी गेलं असावं.

"देले ना? मंग तोंड काहून पाडलं?"

मग त्यानं सांगितलं. भैय्याजी हसून म्हणाले होते, "ने ना गा धोंडबा, भांडे गावाचेच होय. फक्त वापस आनशीन तवा रितेच आन. तुले त्याची काई गरज नाही."

नाही म्हणाले असते तर मी तयार शिव्या तरी वापरल्या असत्या. हा नकार असा गुळात घोळून दिलेला, की गिळताही येईना आणि थुंकताही येईना. भांडी न्या, पण तुमच्या हातचं आम्हाला खायला लावू नका, एवढाच त्याचा अर्थ. माणूस वाईट नव्हता. त्याला वाटलं, आपण धोंडबाची अडचण दूर केली.

लग्न चांगलं झालं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर प्रेमिला उभी राहिली तेव्हा माझा भाऊ इतका ताठ उभा होता, की मला त्याची ओळख पटेना. नागपूरचे पाहुणे पोटभर जेवले. गावात धोंडबानं घरोघरी जाऊन आमंत्रण दिलं होतं. काही माणसं आली, मांडवाच्या कडेला उभी राहिली, सुपारी घेतली आणि घाई आहे म्हणून निघून गेली. बायका तर आल्याच नाहीत. गावाच्या हिशोबानं केलेली बुंदी उरली. ती बुंदी मी पाडली होती, म्हणून मला जास्तच लागलं.

दुसऱ्या दिवशी धोंडबानं चिंच आणि राख घेऊन गंज असे घासले, की त्यात तोंड दिसावं. मग आत गेला, बुंदीची परात घेऊन आला आणि गंजात ओतायला लागला. मी त्याचा हात धरला.

"त्यानं रिते आन म्हटलं ना?"

"म्हटलं."

"मंग?"

"रितं देलं तं ते भाड्याचंच भांडं झालं ना वं," तो म्हणाला. "मंग जरीपटक्यातलं काय वाईट होतं?"

मी त्याचा हात सोडला. तरी मी म्हटलं, "आन् चौकात सगळ्याईसमोर कोनंच हात नाही लावला तं?"

"तं कोनं नाही लावला ते मले समजन."

भांडी बैलबंडीवर घालून आम्ही देवळासमोर आलो. भैय्याजी किल्ली घेऊन उभेच होते, पारावर पाच-सात माणसं होती. धोंडबानं झाकण काढलं. भैय्याजींनी आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"धोंडबा, मी सांगतलं होतं ना गा."

"सांगतलं होतं," धोंडबा म्हणाला, आणि झाकण हातात धरून तसाच उभा राहिला.

पारावरच्या गोपाळरावांनी चपला घातल्या आणि ते सरळ घरी निघून गेले. बाकीचे तलावाकडे पाहायला लागले. जणू तलाव त्यांना पहिल्यांदाच दिसत होता. माझा भाऊ अजून झाकण धरून उभाच होता. मला वाटलं, गंज उचलावा, बुंदी बैलांना घालावी आणि या माणसाला कायमचं नागपूरला घेऊन जावं.

तेवढ्यात भैय्याजींची बायको देवकीबाई आल्या. भांड्यांना पोचा पडला का ते पाहायचं काम त्यांचं. बाई जिभेची तिखट. गावातलं एकही लग्न त्यांच्या तोंडातून सुटलं नव्हतं. कोणाचा लाडू कडक, तर कोणाच्या वरणात पाणी. त्यांनी गंजात डोकावून पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग बांगड्या मागे सारून हात आत घातला, मूठभर बुंदी काढली आणि तोंडात टाकली.

पारावरची माणसं तलाव सोडून इकडे पाहायला लागली.

"पाक पक्का झाला," देवकीबाई चावत म्हणाल्या. "दाताले चिकटून राहिला. कोनं केला?"

मी भरून पावायला हवं होतं. पण माझं डोकंच फिरलं. "मी केला. नागपुरात इतक्या लग्नात पाक केला, कोनं नाव नाही ठेवलं."

"नागपूरच्या लोकाईले काय समजते?"

"कालची बुंदी हाय, बाई. रातभर राहिली तं कडक होनारच. ताजी खायची होती तं काल यायचं होतं. दादा घरी येऊन बोलावून गेलता ना?"

धोंडबानं माझा दंड धरला. "सिंधे, चूप राय."

"बोलू दे गा तिले," देवकीबाई म्हणाल्या. तोंडातला घास त्यांनी गिळला. "बोलावलं होतं. मी नाही आली. यायले पाहिजे होतं."

एवढं बोलून त्यांनी दुसरी मूठ घेतली. यावेळी नाव ठेवलं नाही.

भैय्याजींनी किल्ली खिशात टाकली. रिकामा झालेला हात क्षणभर तसाच राहिला, मग त्यांनी तो धोंडबासमोर पसरला. धोंडबानं गंजातली बुंदी काढली. मूठ इतकी गच्च भरली की अर्धी खालीच सांडली. मी रडत होते, आणि त्याची मला लाज वाटली नाही. भैय्याजींनी हात तोंडापाशी नेला, आणि जन्मात कोणाची थट्टा न केलेला माझा भाऊ म्हणाला.

"दात सांभाळजा, भैय्याजी. पाक पक्का हाय."