मंगलाबाईंना पक्कं आठवतं

सुरतेजवळच्या डिंडोलीत कुणाकडे लग्न निघालं, की आहेराच्या साड्या निवडायला मंगलाबाईंना बोलावणं ठरलेलं. कोणत्या मांडवात कुणी कुणाला कसली साडी नेसवली, हे या बाईंना तोंडपाठ. आलेली साडी चुकून जिथून आली त्याच घरी परत गेली, तर खान्देशी माणसांत वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं. त्यामुळे साड्यांनी भरलेल्या सुरतेत मंगलाबाईंचा मान मोठा. चष्मा कपाळावर ठेवून त्या तो घरभर शोधायच्या, ते सोडून द्या.

आणि नेमका तोच अपमान त्यांच्या वाट्याला आला होता. नवागामच्या नणंदेच्या, रंजनाच्या वास्तुशांतीला त्यांनी एक हिरवी साडी दिली होती. पुढे मंगलाबाईंच्या मुलाच्या, म्हणजे ललितच्या लग्नात रंजनाने तीच साडी त्यांच्या ओटीत घातली. मंगलाबाईंनी ती न उघडता पेटीत टाकली, झाली गोष्ट अर्ध्या डिंडोलीला सांगितली आणि सात वर्षं नणंदेचं नाव घेतलं नाही.

आता लेकीचं, सुषमाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. सुषमाचं नाव याच आत्याने ठेवलेलं. कापडाच्या लूमच्या खडखडाटात जन्म गेलेला नवरा, लोटू, घरात सहसा तोंड उघडत नसे. पण त्या सकाळी चहाची बशी खाली ठेवून तो म्हणाला, "मनी बहीन नही उनी, ते मी मांडवमा उभा नही ऱ्हासू."

मंगलाबाईंचं धाबं दणाणलं. हा माणूस वर्षातून एकदाच हट्ट धरतो आणि तो सोडत नाही, हे त्यांना तीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

सून वर्षा मानसशास्त्रात एम.ए. करत होती, बाहेरून. तिला अभ्यासासाठी माणसं लागत आणि घरात आयती सासू होती. हे ऐकून ती म्हणाली, "आई, मी शब्द वाचते. मग आठवतील ते सांगा." तिने वाचले: गादी, उशी, चादर, खाट, जांभई, घोरणं, पांघरूण, स्वप्न. मंगलाबाईंनी धडाधड सात सांगितले आणि वर ठसक्यात म्हणाल्या, "आन झोप."

"झोप नव्हती."

"व्हती. तूच बोलनी ना."

वर्षाने कागद पुढे केला. झोप नव्हती. मंगलाबाईंनी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"सगळ्यांचंच होतं," वर्षा म्हणाली. "आजूबाजूचं ऐकलं की मधलं आपण भरून काढतो आणि मग तेच खरं वाटतं. आई, आत्यांची साडी तुम्ही नीट पाहिली होती? त्या दिवशी दोनशे पाहुणे होते, भाजी करपली होती आणि नवरी मी होते. माझ्याकडेसुद्धा तुमचं लक्ष नव्हतं."

"पक्कं ध्यान शे माले," म्हणत मंगलाबाई तणतणत पेटीकडे गेल्या. वर्षाने आधी दिलेल्या साडीच्या खुणा लिहून घेतल्या: पोपटी, काठाला कोयऱ्या. तिसरी खूण सांगायला बाई जरा अडखळल्या. पदराच्या घडीत तेलाचा डाग. साडी लोटूच्या कारखान्यातली, सेकंडचा, म्हणजे खोट निघालेला माल. डाग आत जाईल अशी घडी त्यांनीच घातली होती. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

साडी बाहेर आली. हिरवीच, पण मेंदीच्या रंगाची, काठावर मोर. घडी न घडी उलगडली, डाग कुठेच नाही. पदराला टाचणीने चिठ्ठी लावलेली, रंजनाच्या वाकड्यातिकड्या अक्षरात: 'थोरल्या वहिनीले'.

मंगलाबाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. अशी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. डागाची साडी दिल्याचं मनात डाचत होतं, म्हणून हिरवं काही दिसताच त्यांनी स्वतःचा डाग नणंदेच्या पदरात पाहिला होता.

दुपारी साडी पिशवीत घालून त्या एकट्याच नवागामला गेल्या. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं. रंजनाने दार उघडलं आणि त्यांचे हातच धरले.

"वहिनी, माले माफ करा. साडी तुमनीच व्हती. मनीच चुकी व्हयनी."

रंजना सांगत सुटली. आधी तिला वाटायचं, साडी दुकानातून नवी आणली होती. पण जो तो तेच बोलायला लागला आणि हळूहळू तिला आठवायला लागलं: पेटी उघडली, हिरवी साडी हाताला लागली, तीच उचलली. आता तर डोळ्यांसमोर दिसतं.

गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. नणंद लग्नाला आली असती, नवरा मांडवात उभा राहिला असता, आणि मंगलाबाईंना सगळं पक्कं आठवतं हे डिंडोलीत कायम राहिलं असतं. क्षणभर त्यांनी पिशवी घट्ट आवळलीही. मग त्यांनी पिशवीतून साडी काढून रंजनाच्या मांडीवर ठेवली.

"चिठ्ठी वाच. चूक मनी शे. आन तुले दिधी ती डागनी व्हती, माले माहीत व्हतं."

रंजनाने अक्षरावरून बोट फिरवलं. मग खरं काय ते आठवलं, तसा तिचा चेहरा बदलला.

"ती... ती डागनी ते मी नेसी नेसी फाडी टाकी, वहिनी," ती सावकाश म्हणाली. "डाग माले पहिला रोजच दिसना व्हता. मना भाऊना लूमना डाग. म्हनीसन ती माले आवडे."

घोकलेलं सगळं मंगलाबाई विसरल्या. त्या रडल्या, नाक पुसलं आणि एवढंच म्हणाल्या, "गुरुवारले हळद शे. पहिली हळद तुना हातनी."