परक्या पावावरचा शिक्का

मित्रांनो, माझ्या मुठीवर कोरलेला कोंबडा पाहून मला खेळणे समजू नका. मी पावावर उठवायचा शिक्का आहे, ऑलिव्हच्या लाकडाचा आणि चांगलाच जुना. आमचे गाव दक्षिण इटलीतले, उघड्या माळावरचे. घरात सून येणार म्हणून एका मेंढपाळाने मेंढरे राखता राखता मला कोरले. माझ्या तळाशी त्याच्या घराण्याचे, स्कालेरांचे, नाव आहे. सुनेचे नाव दोनाता.

तेव्हा घरोघरी भट्टी नव्हती. साऱ्या आळीचे पाव एकाच भट्टीत जात आणि कोणता पाव कोणाचा, हे शिक्क्यावरून कळे. म्हणून शिक्का कधी उसना द्यायचा नाही, अशी रीतच होती. एकदा शेजारणीने मला मागितले, तर दोनाता म्हणाली, "पीठ ने, आंबवण ने, हवं तर मी येऊन मळून देते. पण नाव नाही मिळायचं." माझी छाती अभिमानाने फुगली.

पुढे तिने आपल्या मुलाबरोबर, नुंत्सियोबरोबर, लहानसे हॉटेल काढले. ती पिवळ्या गव्हाची कणीक मळी आणि मला प्रत्येक गोळ्यावर प्रेमाने दाबी. देशोदेशीचे प्रवासी गरम पाव मोडून तेलात बुडवत आणि जेवण येण्याआधीच टोपली रिकामी करत. नुंत्सियो कुरकुरे, "आई, यांची पोटं पावानंच भरतात. मटण काय मी खाऊ?" दोनाता हसून दुसरी टोपली पाठवी. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग दोनाताची बोटे वाकडी झाली. "आता तू आराम कर," नुंत्सियो म्हणाला. "आंबवण तुझंच, रीतही तुझीच. आम्ही करतो." ती माडीवर गेली आणि खाली कुठल्याशा कारखान्यातून गोठवलेल्या कणकेचे गोळे येऊ लागले. ते सैल झाले की नुंत्सियो मला त्यांच्यावर दाबी. आईसाठी मात्र तो गावच्या बेकरीतला चांगला पाव आणी आणि आपलाच म्हणून वाढी. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. दोनाताने खालच्या पावाचा एक घास खाल्ला की सारे उघड होईल, एवढ्याच आशेवर मी खिळ्याला लटकून राहिलो.

तो दिवस आला. किर्स्टन नावाची एक डॅनिश बाई म्हाताऱ्या वडिलांना घेऊन आली. पूर्वी इथे खाल्लेल्या पावाचे तिने इतके गुण गायले होते की ते गुडघेदुखी विसरून विमानात बसले होते. म्हातारबाबांनी पाव मुकाट्याने खाल्ला. किर्स्टन पहिल्याच घासाला थांबली. आपली आठवणच चुकली की काय, असे तिला वाटले असावे. तिने मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये हट्ट धरला, "मला आजींना भेटायचंय."

दोनाता जिना उतरून आली. किर्स्टनने टोपली पुढे केली. दोनाताने तुकडा मोडला, हुंगला, तोंडात घातला आणि चावता चावता थांबली. नुंत्सियो पडलेल्या चेहऱ्याने दारात उभा होता.

"हा तुम्हीच केलात ना, आजी?"

दोनाताने घास गिळला. "मीच केला, बाई. हात दुखतात हल्ली, पूर्वीसारखा होत नाही."

किर्स्टनने तिचे हात हातात घेतले. मला मात्र त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पाहुणे गेल्यावर नुंत्सियो पुटपुटला, "आई, तू सांगितलं का नाहीस?"

"लोकांपुढं पोटच्या पोराची अब्रू काढू?"

"उद्यापासून नाही आणणार तसले गोळे."

"आणशील. मी ओळखते तुला."

तिने मला खिळ्यावरून काढले. आता ती मला घेऊन माडीवर जाईल, असे वाटले. तिने मला नीट पुसले आणि परत त्याच खिळ्यावर टांगले. नुंत्सियोने फसवले याचे दुःख आहेच, पण दोनाताने फसवले ते जास्त सलते.

हल्ली रविवारी ती वाकड्या बोटांनी स्वतःपुरता एक पाव मळते आणि खालच्या भट्टीत भाजते. त्याच्यावर ती मला टेकवत नाही. खोट्या पावांवर आमचे नाव असते आणि घरातला एकुलता खरा पाव बिननावाचा भट्टीत जातो.

मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत टाकलीत तरी ती राग धरत नाही. पण तिच्याकडून खोटे वदवून घेऊ नका. मला निवड करता आली असती, तर मी या खिळ्यावर राहिलो नसतो. त्या रविवारच्या पावाखाली सरपण म्हणून जळलो असतो.