बारक्या कौतुक करायला लागला

आमच्या बारक्याला हल्ली एक वाईट खोड लागली आहे. जेवायला बसला की माझ्या स्वयंपाकाचं कौतुक करतो. "छान झालंय आई." काहीही वाढा, छान झालंय. हसू नका. तुमच्या घरी मुलं असं बोलत असतील तर तुमची तुम्हाला लखलाभ. आमच्याकडे असलं फक्त परकी माणसं बोलतात, तीही उंबरा ओलांडेपर्यंत.

बारक्या माझा धाकटा. नाव बारक्या, पण दारातून तिरका होऊन आत येतो. कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी आहे. पूर्वी पातेल्यावरचं झाकण काढलं रे काढलं की सुरू व्हायचा, "आई, कांदा घाईत परतलास." मी म्हणायचे, "तुझ्या कँटीनमधल्या कांद्याला शिकव जा." तो म्हणायचा, "तो ऐकतो माझं, तूच ऐकत नाहीस." आमची अशी जुंपायची की यांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, दोन घास जास्त जायचे. रोज भांडत जेवायचो आणि पातेलं चाटूनपुसून साफ.

मग तो तापानं पडला. चांगलाच पडला. उठला तो हा असा गोडबोल्या होऊन.

आधी वाटलं, अशक्तपणा असेल. मग एक गोष्ट ध्यानात आली. पहिला घास घेतला की हा सुनेकडे बघतो. ती जरा मान हलवते, आणि मग हा म्हणतो, छान झालंय. झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. वेगळी चूल मांडायची असली की माणसं आधी गोड होतात. थोरला असाच गेला. जायच्या आधी मला "तू बस गं, मी वाढतो" म्हणायला लागला होता. आता ताटं चार उरलीत. त्यातली दोन गेली तर मी आणि हे समोरासमोर बसून काय करायचं? यांना तर बोलायलासुद्धा कष्ट पडतात.

त्या दिवसापासून माझा पाय एका जागी ठरेना. पुसलेला ओटा पुन्हा पूस, घड्या घातलेले कपडे उलगड आणि पुन्हा घड्या घाल. त्यांच्या खोलीवरून गेले की कान आत. "अगं, बस की जरा," हे म्हणाले.

"तुम्ही बसलाय ना, तेवढं पुरे आहे घराला."

एके दिवशी बारक्या धुतलेला एप्रन विसरून गेला. मला निमित्तच हवं होतं. तडक कँटीन गाठलं आणि मागच्या दाराशी, कोबीच्या क्रेटांआड उभी राहिले. आत हा थोरल्या पातेल्यात पळी फिरवत होता. पळी वर काढली, पण तोंडाला लावली नाही. भाजी चिरणाऱ्या बाईंना हाक मारली, "मावशी, जरा बघता का?"

बाईंनी तळहातावर थेंब घेऊन चाटला. "मीठ हवं."

यानं मीठ घातलं. "आता?"

"आता झालं."

मी बघतच राहिले. हा पोरगा दुसऱ्याला आपल्या पळीला हात लावू देणारा नव्हे. बाईंनी मला पाहिलं, हात पुसत बाहेर आल्या. "फार मवाळ झालाय हो मुलगा तुमचा. पूर्वी आमच्यावर डाफरायचा, आता आम्हालाच विचारतो."

एप्रन त्यांच्या हातात कोंबला आणि निघाले. वाटेत विचार करकरून डोकं फुटायची वेळ आली. लक्षच नाही याचं कामात. का नाही? नव्या जागेच्या खटपटीत असणार, दुसरं काय!

संध्याकाळी डाळ चढवली, पण मन कशात लागेना. सून अजून कामावरून यायची होती. म्हटलं, बघूनच घेऊ, आणि त्यांचं कपाट उघडलं. बॅग भरलेली नाही, कपडे जागच्या जागी. खालचा कप्पा पाहिला, पलंगाखाली वाकले. काही नाही. तेवढ्यात हे बाहेरून ओरडले, "अगं, जळतंय!"

डाळ तळापासून करपली होती. जिन्यापर्यंत धूर. शेजारीण डोकावून गेली. थोड्या वेळानं धूर विरला, वास मात्र तसाच. माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं, लाजेनं कान तापले. पातेलं उचलून ओतायला निघाले तर दारात बारक्या.

"काय केलंयस आज?" त्यानं विचारलं.

मी थबकले. घरभर तो वास कोंडलेला, यांच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि हा चपला काढून विचारतोय, काय केलंयस! मी ताट घेतलं. भात वाढला, वर तीच डाळ ओतली. हे बोलणार होते, त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

बारक्यानं घास घेतला. समोरच्या रिकाम्या जागेकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "छान झालंय आई."

एवढ्यात सून आली. आत पाऊल टाकताच नाकाला ओढणी. "अगंबाई, काय करपलं एवढं?"

बारक्याचा घास तोंडातच राहिला.

"गीळ," मी म्हणाले. "आणि बोल."

"तापापासून काही लागत नाही गं आई," तो ताटाकडे बघत म्हणाला. "वास नाही, चव नाही. कागद चघळल्यासारखं वाटतं. डॉक्टर म्हणतात येईल, कधी ते सांगत नाहीत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुझ्या हातचं कागदासारखं लागतं म्हणून सांगू?"

सून मध्ये पडली. "आई, मीच यांना म्हटलं सांगू नका, तुमच्या मनाला—"

"माझ्या मनाचं मी बघते. तू पाणी पी आधी, दमून आलीस."

तेवढ्या बोलण्यात मला सावरायला वेळ मिळाला ते बरं झालं. घर सोडून कुणी जात नव्हतं. तरीही जिवाला चैन पडत नव्हती, उलट आणखीच खवळलं होतं काहीतरी. मी त्याच्या पुढचं ताट ओढून घेतलं.

"ऐक बारक्या. उद्या गेल्या गेल्या मोठ्या आचाऱ्याला खरं काय ते सांगायचं. नासलेलं तुला कळलं नाही आणि अख्खा कारखाना आजारी पडला, तर काय मावशींना पुढे करणार आहेस? काढलं कामावरून तर काढू दे. तुला पोसायला आम्ही अजून मेलो नाही. तापानं तुझी जीभ नेली, त्यात तुझा दोष नाही. पण इतके दिवस माझ्यासमोर बसून तू एकटा जेवत होतास आणि मला कळू दिलं नाहीस. त्याला माफी नाही."